चारशे बारा फोटोंना एक माप

रात्रीचे पावणेदोन वाजले होते आणि पडद्यावर आईच्या डोक्यातून एक झाड उगवलं होतं. आधीच्या फोटोतलं झाड विरत जाऊन पुढच्या फोटोतली आई दिसायला हवी होती, एका सेकंदाचा खेळ. पण अर्ध्या सेकंदावर सगळं गोठलं. कॉम्प्युटरचा पंखा तेवढा उड्डाणाच्या बेतात असल्यासारखा घोंघावत होता. माउस हलवला, बाण हलला नाही. पाच मिनिटं तशीच गेली. मग खिडकी पांढुरकी पडली आणि दोन तासांचं काम पोटात घेऊन सॉफ्टवेअर बंद झालं.

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. ताईने तीन आठवडे आधीच फर्मान काढलं होतं, की सगळ्या फोटोंचा मिळून एक व्हिडिओ करायचा. "तू दिवसभर कॉम्प्युटरसमोरच असतोस ना, मग तूच कर." फोटो तिने जमवले. बाबांच्या कॅमेऱ्यातले, सगळ्यांच्या फोनमधले, जुन्या अल्बममधून स्कॅन केलेले, आणि कुणी कुणाला पाठवता पाठवता झिजून एवढुसे झालेले. एकूण ४१२. फोटोमागे चार सेकंद धरले तरी साडेसत्तावीस मिनिटं होतात, एवढा वेळ कोण बसणार, असं मी म्हणून पाहिलं. त्यातला एकही कमी करायला ती तयार नव्हती. म्हणून सगळेच्या सगळे उचलून मी व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमधल्या टाइमलाइनवर, म्हणजे फोटो ओळीने मांडायच्या पट्टीवर ओतले, आणि मग ते झाड उगवलं.

चूक कुठे झाली ते कळायला वेळ लागला नाही, कारण ती मला आधीपासून ठाऊक होती. 'बघू तर खरं, चालतंय का' हा माझा जुना दोष. बाबांच्या कॅमेऱ्यातला फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, म्हणजे २ कोटी ४० लाख ठिपके. जेपेग फाइल म्हणून तो डिस्कवर आठ-नऊ मेगाबाइटमध्ये अंग चोरून बसतो, त्यामुळे आपली समजूत होते की फोटो आठ मेगाबाइटचा आहे. पण घडी घातलेली चादर कपाटात चार बोटं जागा घेते म्हणून ती चार बोटांची नसते. पडद्यावर दाखवायचा तर सॉफ्टवेअरला तो पूर्ण उलगडावा लागतो. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार बाइट, म्हणजे ९६ मेगाबाइट. एकातून दुसरा फोटो उमटत असताना असे दोन. काही सॉफ्टवेअर आत याहून बारीक हिशेब ठेवतात, तिथे हा आकडा चौपट होतो.

आणि एवढं करून दिसतं किती? फुल एचडी व्हिडिओची चौकट १९२० बाय १०८०. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. म्हणजे बाबांच्या फोटोतल्या साधारण बारा ठिपक्यांमागे एकाला पडद्यावर जागा आहे. उरलेले अकरा सॉफ्टवेअर दर फ्रेमला उचलतं, मोजतं आणि टाकून देतं. सेकंदाला पंचवीस वेळा. पंखा घोंघावेल नाही तर काय करेल.

तर फोटो आधी लहान करून घ्यायचे आणि मग टाइमलाइनवर न्यायचे. एकेक उघडून करायचं म्हटलं तर फोटोमागे एक मिनिट धरा, जवळजवळ सात तास. म्हणून बॅच रिसाइज. मी त्याला घाऊक म्हणतो. एकदा माप सांगायचं, फोल्डर दाखवायचं, बटण दाबायचं आणि पाणी प्यायला उठायचं. याची साधनं ढिगाने आहेत आणि बरीचशी फुकट. इरफान श्किल्यान या माणसाने १९९६ साली बाहेर काढलेलं इरफानव्ह्यू अजून हे काम मुकाट्याने करतं, एक्सएनकन्व्हर्ट आहे, मॅकवर तर सोबत येणाऱ्या प्रिव्ह्यूमध्येच सगळे फोटो निवडून एकदम आकार बदलता येतो. शिवाय काळ्या खिडकीत एका ओळीची आज्ञा टंकून चालवायची साधनं असतात. त्यातलं एक मी निवडलं, कारण काळ्या खिडकीत काम करताना आपण फार हुशार आहोत असं वाटतं.

प्रयोग म्हणून आधी एकच फोल्डर घेतलं. 'समुद्र' नावाचं, ३७ फोटो, सगळे बाबांच्या कॅमेऱ्यातले आणि सगळे आडवे. आज्ञा दिली: चौकट १९२० बाय १०८०, ती पूर्ण भरा, मध्य धरा, उरलेलं कापा. दहा-पंधरा सेकंदांत झालं. फोल्डर उघडून पाहिलं तर छोट्या छोट्या चित्रांची सुबक रांग, सगळी एका आकाराची. आई, लाटा, आई, शिंपले, आई. मी खूश.

त्या खुशीत तेच माप कॅमेऱ्यातल्या उरलेल्या आणि फोनच्या फोटोंना लावलं. या वेळी काळी खिडकी सोडून बटणांचं साधन घेतलं, कारण तीन-चार फोल्डरांची नावं टंकायचा कंटाळा आला. पाणी पिऊन परत आलो, फोल्डर उघडलं, आणि पडद्यावर शर्टाच्या गुंड्याच गुंड्या.

त्याचं असं झालं. फोन उभा धरून काढलेला फोटो ३०२४ रुंद आणि ४०३२ उंच. त्याने १९२० ची रुंदी भरायची तर उंची होते २५६०, आणि चौकटीत मावते १०८०. म्हणजे निम्म्याहून जास्त फोटो वरून-खालून मिळून उडतो. मध्य धरून कापायला सांगितलेलं, आणि उभ्या माणसाच्या फोटोचा मध्य म्हणजे पोट. काकांचा पट्टा, आत्याचे घट्ट जुळवलेले हात, भाच्याच्या टी-शर्टावरचा वाघ. ताईला दाखवले तर ती हसून हसून खाली बसली. एका शर्टाकडे बोट दाखवून म्हणाली, "हा तू आहेस."

आडव्या फोटोंचं नुकसान इतकं उघड दिसत नाही, म्हणून ते जास्त फसवं. कॅमेऱ्याचा फोटो तीनास दोन या प्रमाणात असतो, व्हिडिओची चौकट सोळास नऊ. रुंदी १९२० केली की उंची १२८० होते. वरून १०० ओळी, खालून १०० ओळी जातात. सोळा टक्क्यांच्या आसपास. फोनचा आडवा फोटो चारास तीन, त्याचा सरळ चौथा भाग जातो. पण समोर दिसतो तो फोटो पुरा वाटतो. काय गेलं हे पाहायला मूळ फोटो शेजारी ठेवावा लागतो, आणि चारशे फोटोंशेजारी चारशे फोटो कोण ठेवतं?

त्या गुंड्यांच्या धक्क्याने मी ठेवले. सगळे नाही, बाबांच्या कॅमेऱ्यातले साठ-सत्तर. कापलेला डावीकडे, मूळ उजवीकडे. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, जी इतक्या वर्षांत कधी आली नव्हती. बाबा कुठल्याच फोटोत नसतात, कारण कॅमेरा त्यांच्याच हातात. हे तर आम्हाला पाठ आहे. पण ते जुन्या वळणाचे. 'सूर्य नेहमी पाठीशी ठेवायचा' हा फिल्मच्या काळातला धडा त्यांनी कधी सोडला नाही. पाठीशी सूर्य म्हणजे पुढ्यात सावली. सकाळी किंवा संध्याकाळी काढलेल्या कितीतरी फोटोंत खालच्या कडेवर त्यांची सावली आहे. कधी नुसतं डोकं आणि वर उचललेली दोन कोपरं, कधी खांद्यापासून वर. गवतावर, पायऱ्यांवर, एकदा तर माझ्याच पायावर. आणि घाऊक कापणीत खालून ज्या १०० ओळी जात होत्या, त्यांतच ती बहुतेक वेळा जात होती.

यंत्राचं काही चुकलं नव्हतं. मध्य धर म्हटलं, त्याने धरला. महत्त्वाचं ते मधे असतं हा समज माझा होता.

मग 'भरा' सोडून 'मावेल तसं बसवा' हा पर्याय घेतला. यात काही कापलं जात नाही, फक्त कडेला काळ्या पट्ट्या येतात. तीनास दोनचा फोटो १६२० रुंद होतो आणि दोन्ही बाजूंना १५० ठिपके काळे राहतात. उभा फोटो तर ८१० रुंद, दोन्हीकडे साडेपाचशेहून जास्त अंधार. हल्ली या अंधारात त्याच फोटोची फुगवलेली, धुरकट प्रत भरायची रीत आहे. मला ती अजिबात आवडत नाही. मधे हसरा चेहरा आणि दोन्ही अंगांना त्याच चेहऱ्याचे पाघळलेले कान. त्यापेक्षा काळी पट्टी बरी, ती निदान गप्प बसते. ताईचं मत उलटं होतं. व्हिडिओ मी करत होतो, त्यामुळे माझं चाललं.

पुढचा घोळ मापाचा. बसवायचेच आहेत तर १९२० ला बसवून मोकळं व्हावं, असं वाटतं. पण स्थिर फोटो चार सेकंद तसाच पडद्यावर ठेवला तर तो पडद्यावर चिकटवल्यासारखा दिसतो, म्हणून त्याला हळूच जवळ आणतात किंवा एका कडेकडून दुसरीकडे सरकवतात. माहितीपट करणाऱ्या केन बर्न्स यांचं नाव या युक्तीला पडलंय, आणि बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्या नावाचं बटणच असतं. आता वीस टक्के जवळ जायचं, तर २३०४ बाय १२९६ ठिपके हाताशी हवेत. नसतील तर सॉफ्टवेअर ते मनाने रचतं आणि डोळ्यांच्या पापण्या लोण्यात बुडवल्यासारख्या मऊ होतात. दीडपट जायचं तर २८८०. मी लांब बाजू २८८० ठरवली. उलगडल्यावर असा फोटो २२ मेगाबाइट होतो, मूळच्या चौथाईहून कमी. जवळ जायलाही मोकळीक आणि पंखाही शांत. शिवाय एक खूण आठवणीने केली: 'फक्त लहान करा, मोठे करू नका'. ती विसरलो असतो तर पाठवून पाठवून झिजलेले सहाशे-सातशे ठिपक्यांचे बिचारे फोटोही २८८० ला ताणले गेले असते.

मधल्या काळात ताईने तिच्याकडचे फोटो स्वतःच लहान करून पाठवले. "व्हिडिओला ७२ डीपीआय लागतो ना, तसे केलेत." हा गैरसमज अमर आहे. डीपीआय म्हणजे कागदाच्या एका इंचात किती ठिपके छापायचे ती सूचना. फाइलच्या माथ्यावर लिहिलेला एक आकडा. पडद्याला इंच ठाऊकच नसतात. ३०० लिहिलेलं असो, ७२ असो की ७, सहा हजार ठिपके ते सहा हजारच. हा ७२ आला कुठून, तर १९८४ च्या पहिल्या मॅकिन्टॉशच्या पडद्यावर इंचाला ७२ ठिपके होते. तो पडदा केव्हाच गेला, आकडा चिकटून राहिला. एरवी आकडा बदलल्याने काही बिघडत नाही, पण बदलताना शेजारची एक खूण चालू असेल तर कागदावरचं माप तेवढंच ठेवण्यासाठी सॉफ्टवेअर ठिपकेच कमी करतं. ३०० वरून ७२ म्हणजे २४ टक्के. ताईचे सहा हजारी फोटो १४४० चे होऊन आले होते, एचडीलासुद्धा अपुरे. पडद्याच्या कामात डीपीआयला काहीही अर्थ नाही, असं मी तिला जरा वरच्या पट्टीतच सांगितलं. कागदाचं काम निघेल हे तेव्हा डोक्यात नव्हतं.

आडवे-उभे हाही एक छळ. फोन कसाही धरा, आतला सेन्सर आपला एकाच बाजूने लिहून काढतो आणि सोबत एक चिठ्ठी जोडतो: 'दाखवताना उजवीकडे वळवा.' या चिठ्ठीवर १ ते ८ यांपैकी एक आकडा असतो, उभ्या फोटोंवर बहुधा ६. घाऊकीत लहान करताना काही साधनं फोटो वळवत नाहीत आणि चिठ्ठीही फाडून टाकतात, मग सगळी माणसं आडवी झोपतात. काही उलट करतात, फोटो वळवतात आणि चिठ्ठी तशीच ठेवतात, मग पुढचं सॉफ्टवेअर ती वाचून पुन्हा वळवतं आणि माणसं दुसऱ्या कुशीवर होतात. यावर उपाय एकच, आकार बदलण्याआधी 'चिठ्ठीप्रमाणे वळवून घ्या' हा पर्याय शोधायचा. तो मला तिसऱ्या फेरीत सापडला.

नावांचा गोंधळ थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्याची मोजणी ९९९९ पर्यंत जाते आणि पुन्हा ०००१ पासून सुरू होते. त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांचे, अगदी वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे दोन फोटो एकाच नावाचे निघतात. सगळ्यांचा निकाल एकाच फोल्डरमध्ये टाकला, की दुसरा पहिल्याच्या उरावर बसतो. मी चारशे बारा दिले आणि चारशे पाच परत आले, म्हणून कळलं. मोजलेच नसते तर? नंतर सगळ्यांना ००१, ००२ अशी शून्यं लावून नवी नावं दिली. शून्यं नसतील तर कित्येक साधनं १ नंतर १०, मग १००, आणि त्यानंतर २ लावतात. तसं झालं असतं तर ताई पहिलीत जायच्या आधीच पदवीचा झगा घालून उभी राहिली असती.

यात मला खरोखर आवडलेला भाग सांगायचा राहिला, तो म्हणजे लहान करणं आत नेमकं कसं होतं. बारा ठिपक्यांच्या जागी एक ठेवायचा, तर कुठला? घाईचा मार्ग असा, की जवळचे दोन-चार बघायचे आणि बाकीच्यांना विचारायचंच नाही. निळ्या आकाशात हे खपून जातं. पण आमच्या एका फोटोत आई खिडकीच्या बारीक जाळीमागे उभी आहे. तो न लहान करता टाकला होता तेव्हा सरकताना ती जाळी वळवळायची, तिच्यावरून अळ्या चालल्यासारख्या. जाळीची तार सापडते, सुटते, पुन्हा सापडते, त्याचा तो नाच. नीट लहान करणारं साधन आजूबाजूचे कितीतरी ठिपके गोळा करून, जवळच्याला जास्त आणि लांबच्याला कमी वजन देऊन एक ठिपका ठरवतं. पर्यायांच्या यादीत 'लँकझॉस' असं नाव दिसतं ते याचंच. कॉर्नेलिअस लांत्सोश (१८९३–१९७४) हे हंगेरीत जन्मलेले गणिती, त्यांच्या नावावरून. त्या पर्यायाने लहान केल्यावर जाळी शांत झाली. आई जाळीमागे नुसती उभी राहिली.

रात्रीच्या फोटोंचं मात्र कोडंच होतं. पाण्यापलीकडचे दिवे, हजारो. लहान केल्यावर ते मंद झाले. किंचितच, पण मला ते दिसत होते आणि खुपत होते. कारण शोधलं तेव्हा गंमत कळली. फाइलमधला आकडा आणि प्रत्यक्षातला उजेड एका चालीने वाढत नाहीत. एक ठिपका पूर्ण काळा, ०, आणि शेजारचा पूर्ण पांढरा, २५५. दोघांचा मिळून एक करायचा. साधी सरासरी १२८ येते आणि बहुतेक साधनं तेच लिहून मोकळी होतात. पण १२८ चा उजेड २५५ च्या निम्मा नसतो, जेमतेम पाचवा हिस्सा असतो. निम्मा उजेड हवा तर आकडा १८८ लिहायला हवा. काळोखातल्या टिपूस दिव्यांवर हा अन्याय सगळ्यात जास्त होतो. आधी खऱ्या उजेडात हिशेब करून मग लहान करणारा पर्याय शोधून काढला आणि ते नऊ फोटो वेगळे काढून पुन्हा केले. चार सेकंदांच्या फोटोसाठी इतकं कोण बघतं, असं ताई म्हणाली. कुणीच बघितलं नाही, हे खरंय.

एवढं होईपर्यंत पहिल्या रात्रीचं काम थोडं थोडं वाचवून मी पुन्हा उभं केलं होतं, मूळ मोठ्या फोटोंवर. वाटलं, नावं जुळवून दिली की लहान फोटो आपोआप त्यांच्या जागी बसतील. बसले, पण पोस्टाच्या तिकिटाएवढे. सहा हजारी फोटो चौकटीच्या रुंदीला बसवायला मी ३२ टक्के असं माप प्रत्येकाला दिलेलं होतं. २८८० चा फोटो आला तरी सॉफ्टवेअरने ते ३२ टक्के इमानाने लावले, आणि काळ्या पडद्याच्या मधोमध अर्ध्याहून कमी रुंदीचा फोटो लटकत राहिला. चारशे वेळा. हे सुधारायला एक पूर्ण रविवार जाणार होता, तेवढ्यात 'फ्रेमला जुळवा' अशी एक आज्ञा मेनूच्या तळाशी सापडली. सगळे निवडून ती दिली आणि चारशे बारा फोटो एकदम फुलले. ते बघायला मी आईला हाक मारणार होतो, मग आठवलं की हे तिच्यापासूनच लपवायचं आहे.

त्यातही 'समुद्र'मधले ३७ फोटो विशेष छान बसले. बाकी सगळ्यांना काळ्या पट्ट्या, यांना नाहीत. चौकट काठोकाठ भरलेली. मला बरंच वाटलं. जवळ गेल्यावर ते जरा मऊ दिसत होते, पण बाबांचा हात हलला असेल म्हटलं. वयही झालंय.

व्हिडिओ झाला, सगळ्यांनी पाहिला, ताई रडली, आत्या स्वतःचे हात ओळखून हसली. (तो गुंड्यांचा प्रकार आम्ही शेवटी, नावांच्या खाली, मुद्दाम ठेवला होता.) बाबा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी म्हणाले, "तो समुद्राचा एक फोटो आहे बघ. आई लाटेत पाय भिजवून उभी आहे आणि वाळूत माझी सावली पडलीय. तेवढा मोठा करून दे. भिंतीवर लावायचाय." आजवर त्यांनी स्वतःच्या फोटोचं नाव काढलेलं मला आठवत नाही.

मी फोल्डर उघडलं. १९२० बाय १०८०. शेजारचा उघडला, १९२० बाय १०८०. सदतीसच्या सदतीस. काळ्या खिडकीतल्या त्या साधनाने नव्या प्रती केल्याच नव्हत्या, मूळ फाइलींवरच लिहून टाकलं होतं. त्याच्या माहितीत हे ठळक लिहिलेलंय, मीच वाचलं नव्हतं. बाबांच्या कार्डावर काही सापडेना, कारण कार्डावरून मी फोटो प्रत करून नव्हे, तर तिथून हलवून आणले होते. जागा रिकामी होईल म्हणून. आणि त्यानंतर त्या कार्डावर बाबांनी शेकडो पक्षी टिपले होते.

मग मी बसून भागाकार केला. छापायचं तर आता इंच आले, आणि इंच आले की डीपीआय आला. मूळचे ६००० ठिपके इंचाला ३०० या दराने वीस इंच रुंद झाले असते. १९२० चे होतात ६.४ इंच. उंची ३.६. म्हणजे तळहातापेक्षा थोडा मोठा. ताणून मोठा करता आला असता, पण आईच्या चेहऱ्याचं लोणी मला भिंतीवर नको होतं. आणि खालच्या कडेच्या त्या १०० ओळींत वाळू होती, वाळूवर सावली होती. आता कडेला चिकटून एक काळसर कमान तेवढी उरली होती. माहीत नसलेल्याला तो लेन्सवरचा डाग वाटला असता.

आहे त्या मापाचा छापून घेतला. मोठ्या चौकटीत मधे बसवला आणि भोवती चार-चार इंच पांढरा कागद सोडला, म्हणजे जाणूनबुजून केल्यासारखं दिसेल. बाबांना काय झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, चौकट डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, आणि खालच्या कडेवर अंगठ्याचं नख टेकवलं.

"केस तेवढे आलेत," म्हणाले. "हातोडी कुठंय?"